चालू होमस्टेसह कोकणातलं घर विकत घेताना: सातबाऱ्यापासून पहिल्या पावसापर्यंत

"चिऱ्याचं कौलारू घर, 32 गुंठे नारळ-आंब्याची बाग, बारमाही विहीर, मागे चार खोल्यांचा चालू होमस्टे, समुद्र पाच मिनिटांवर. मालक मुंबईत असल्याने त्वरित विकणे."

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात अशा जाहिराती बाराही महिने दिसतात. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पुढे चिपीचा विमानतळ आला, गोव्याच्या बाजूने मोपा आला, आणि घरामागे खोल्या बांधून पर्यटक ठेवणं गावागावात रुजलं. त्या पहिल्या पिढीतली काही घरं आता विकायला निघाली आहेत. मुलं बाहेर असतात, घर सांभाळायला कोणी उरलेलं नसतं.

ही जाहिरात एका मालमत्तेची वाटते, पण तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी विकायला ठेवलेल्या असतात: जमीन, घर आणि धंदा. तिघांचे कागद वेगळे, तिघांची तपासणी वेगळी, तिघांची किंमतही वेगळी काढायची असते. नवखा माणूस बागेतून येणारं वारं अंगावर घेतो आणि एकच आकडा ऐकून 'हो' म्हणतो. नंतरचे बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतात.

आधी स्वतःकडे बघा: तुम्ही शेतकरी आहात का?

महाराष्ट्रात 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. जाहिरातीतले '32 गुंठे' सातबाऱ्यावर शेतीच असतील, तर तुमच्या नावाचा किंवा वडिलोपार्जित सातबारा तुमच्याकडे हवा. नसेल, तर बिगरशेती झालेली किंवा गावठाणातली मालमत्ताच शोधा. "खरेदी करून टाका, नंतर बघू" असा सल्ला एजंटाकडून हमखास मिळतो. तो ऐकू नका. कायद्याविरुद्ध झालेला व्यवहार चौकशीत बेकायदा ठरवता येतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

अशा मालमत्तांमध्ये बहुधा तुकडे असतात: घराखालचे 4 गुंठे एनए, म्हणजे बिगरशेती, उरलेली बाग शेती. एनएचा आदेश नेमका किती क्षेत्राचा आहे आणि मागच्या चार खोल्या त्याच क्षेत्रात येतात का, ते आदेशाची प्रत हातात घेऊन बघा. खोल्या शेतजमिनीवर उभ्या असतील आणि त्यासाठी कसलीच परवानगी नसेल, तर दंडाची नोटीस नव्या मालकाच्या नावाने येणार. बागेचा तुकडा पाडून घेणार असाल, तर तुकडेबंदीची मर्यादाही आहे. 2023 पासून या भागात बागायतीसाठी 10 आणि जिरायतीसाठी 20 गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा वेगळा करून विकता येत नाही.

सातबारा कसा वाचायचा

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो. सोबत 8अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा, आणि सगळे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढा. फक्त आजचा सातबारा बघून काहीही कळत नाही. त्यावर प्रत्येक नावापुढे फेरफार क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा फेरफार वाचला की ते नाव तिथे कसं आलं हे समजतं.

कोकणात सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते सामाईक नावांमुळे. एका सर्व्हे नंबरवर 15-20 नावं, त्यांतली अर्धी माणसं हयात नाहीत, वारसनोंदी झालेल्या नाहीत, उरलेले मुंबईत किंवा परदेशात. विकणारा सांगतो, "आमची तोंडी वाटणी झालेली आहे, हा भाग माझा." तोंडी वाटणीवर सख्खे भाऊ पन्नास वर्षं सुखाने राहू शकतात, तुम्ही बाहेरचे आहात, तुम्हाला त्यावर खरेदी करता येणार नाही. नीट मार्ग दोनच आहेत. सगळ्या हिस्सेदारांनी खरेदीखतावर सही करावी, किंवा आधी वाटप करून सातबारा वेगळा व्हावा आणि मग खरेदी व्हावी. कोणी नुसता आपला अविभक्त हिस्सा देऊ करत असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला, तरी त्याला त्या घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. पैसे देऊन तुम्ही दाराबाहेरच राहाल.

बहिणींची नावं मुद्दाम शोधा. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं, की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. तरीही लग्न होऊन गेलेल्या बहिणींना विचारलेलंच नसतं, किंवा हक्कसोड नुसत्या साध्या कागदावर घेतलेलं असतं. हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं.

मग 'इतर हक्क' हा रकाना. इथे पुढचे शब्द दिसले की थांबा:

- कुळाचं नाव, किंवा कुळवहिवाट कायद्याच्या 'कलम 43 च्या बंधनास पात्र'. कुळाने विकत घेतलेली जमीन असेल, तर कुळाला 32म चं, म्हणजे खरेदीचं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली आहेत का आणि आकाराच्या, म्हणजे जमीन महसुलाच्या, चाळीस पट रक्कम भरली आहे का, ते बघा.
- 'खाजगी वन' किंवा वन कायद्याच्या नोटिशीची नोंद. डोंगराकडच्या बागांवर ही सापडते. इथे मागे फिरणं बरं.
- देवस्थान इनाम. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर ही नोंद. या जमिनींचे प्रश्न फार जुने आहेत, एका खरेदीखताने ते सुटत नाहीत.
- सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. फेडल्याचा दाखला आणि बोजा कमी केल्याचा फेरफार, दोन्ही हवेत.

घराचा कागद वेगळा असतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8, ज्याला गावात 'असेसमेंट' म्हणतात, त्यावर घर नंबर आणि घरपट्टी असते. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. आणि कोकणात घर एकाचं, खालची जमीन दुसऱ्याची, समोरचे चार माड तिसऱ्याचेच, हे खरोखर घडतं. असेसमेंटवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतं का, त्यात मागच्या खोल्या नोंदलेल्या आहेत का आणि किती चौरस फुटांच्या, हे तिन्ही तपासा.

वकील तालुक्याच्या ठिकाणचा घ्या, पण विकणाऱ्याने सुचवलेला नको. तीस वर्षांचा शोध अहवाल आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, ही दोन कामं झाल्याशिवाय साठेखत, म्हणजे खरेदीआधीचा करार, करू नका.

मोजणी आणि वाट

भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळवा. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, जिथे आहे तिथेच हद्द असते असं नाही. मोजणीत शेजाऱ्याचा कोपरा आपल्याकडे किंवा आपल्या खोलीची पडवी त्याच्याकडे निघते. मोजणीला शेजारी हजर असतात, तेव्हाच कोणाची काय तक्रार आहे ते कानावर येतं. हा फायदा नकाशाइतकाच मोठा आहे.

वाटेचं विचारा. रस्त्यापासून घरापर्यंत गाडी ज्या पाणंदीने येते ती कोणाची? "इतकी वर्षं जातोय, कोणी अडवलं नाही" हे उत्तर त्या कुटुंबापुरतं खरं असतं. नवा मालक आला आणि रोज चार गाड्या जाऊ लागल्या, की तीच वाट बंद होते. वाट सातबाऱ्यावर किंवा नकाशावर नोंदलेली नसेल, तर वाटेच्या मालकाकडून नोंदणीकृत हक्क घ्यायला विकणाऱ्याला सांगा. ही अट खरेदीच्या आधीची ठेवा.

'समुद्र पाच मिनिटांवर' याचा कायदेशीर अर्थ

पाच मिनिटं चालत, तर घर किनारा नियमन क्षेत्रात असण्याची दाट शक्यता. 2011 च्या अधिसूचनेप्रमाणे उच्चतम भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा या नियमात येतो, आणि ग्रामीण भागात त्यातले पहिले 200 मीटर ना-विकास क्षेत्र. 2019 च्या अधिसूचनेत 50 मीटरची सवलत आली, पण ती दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या गावांना. दक्षिण कोकणातली विरळ वाड्यांची गावं त्यात सहसा बसत नाहीत. खाडीकाठी अंतर वेगळं मोजलं जातं. भरतीरेषाही डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याच्या काठावरून धरायची नसते. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर ती आखलेली असते.

जुनं घर अधिसूचनेच्या आधीचं आणि नोंदलेलं असेल, तर त्याच मापात दुरुस्ती करता येते. खरी अडचण मागच्या कॉटेजची. ती दहा-पंधरा वर्षांतली असतात, परवानगी म्हणून ग्रामपंचायतीचा एक ठराव दाखवला जातो, आणि किनारा प्राधिकरणाची संमती नसते. असं बांधकाम पाडायची नोटीस येऊ शकते, म्हणून किंमत ठरवताना त्याची किंमत शून्य धरा. 2019 च्या नियमांत जोतं, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता राहत्या घरात होमस्टे चालवायची मुभा आहे, पण ती स्थानिक रहिवाशांसाठी आहे. पुण्या-मुंबईहून येऊन खरेदी करणाऱ्याने ती आपल्याला लागू होईल असं गृहीत धरू नये.

घर दोनदा बघा: जुलैत आणि मेच्या मध्यावर

जाहिरातीतले फोटो नोव्हेंबरातले असतात. घराची परीक्षा जुलैत होते, विहिरीची मेमध्ये. दोन्ही शक्य नसेल, तर पावसाळ्यातली भेट तरी चुकवू नका.

छप्पर: माळ्यावर चढा. वासे आणि रिपा यांच्यावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी आहे. स्क्रूड्रायव्हर लाकडात दाबून बघा. सागवान, किंजळ किंवा फणसाचं लाकूड पन्नास वर्षांनीही टोक आत घेत नाही. भिंतीवर टेकलेली वाशांची टोकं सगळ्यात आधी कुजतात, कारण फुटलेल्या कौलातलं पाणी तिथे मुरतं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात. दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं चाळून नीट बसवणं, लागते, आणि गावात माकडं असतील तर फुटलेल्या कौलांचा खर्च धरूनच चाला. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात या किनाऱ्यावर माड छपरांवर पडले. घरावर झुकलेली झाडं मोजा, विमा आहे का ते विचारा.

भिंती: चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या भिंती मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असतात आणि त्या ओल बाहेर सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत कोंडते आणि दोन पावसांत रंग फुगून पोपडे पडतात. खाली तीन फुटांपर्यंत टाइल लावलेली दिसली, तर तिच्या मागे काय आहे ते विचारा. ओल झाकायचा तो नेहमीचा उपाय आहे.

स्लॅबच्या खोल्या: समुद्राच्या खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट सुटतं. छताच्या कडेने तांबूस रेघा किंवा पडलेले तुकडे दिसले, तर बांधकाम अभियंत्याला आणून हातोडीने ठोकून घ्या. बांधताना खारी वाळू किंवा खारं पाणी वापरलं असेल, तर वरवरच्या दुरुस्तीने ते थांबत नाही. एसीची बाहेरची युनिटंही इथे लवकर सडतात. खरेदी किमतीत त्यांना भंगाराचाच भाव द्या.

पाणी आणि मैला, दोन्ही एकदम तपासा

चार खोल्या, प्रत्येकी तीन माणसं, वर तीन कामाची: 15 माणसं. माणशी 150 लिटर धरले तर 2250 लिटर. चादरी-टॉवेल धुणं आणि स्वयंपाक मिळून रोजचे 3000 लिटर. बागेचं शिंपणं वेगळं. 'बारमाही विहीर' ही एका कुटुंबासाठी बारमाही असते. मेच्या मध्यावर सकाळी पाण्याची पातळी मोजा, पंप लावून दोन तास उपसा, संध्याकाळी पुन्हा मोजा. पातळी परत आली नाही, तर गर्दीच्या महिन्यात टँकर लागणार. चव त्याच दिवशी घ्या. किनाऱ्याजवळच्या विहिरी उपसा वाढला की मचूळ होतात, आणि डिसेंबरात गोड लागणारं पाणी मेमध्ये खारट निघतं.

पाण्याची जिवाणू तपासणी सरकारी प्रयोगशाळेत करून घ्या. जांभा सच्छिद्र असतो. शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झिरपत विहिरीपर्यंत सहज जातं. शोषखड्डा आणि विहीर यांत किमान 18 मीटर अंतर हवं, आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला नको. सेप्टिक टाकीचं माप विचारा. मूळ पाच माणसांच्या टाकीलाच मागच्या चार संडासांची पाइप जोडून दिलेली असते. 15 ते 20 माणसांसाठी सुमारे 2.3 मीटर लांब, 1.1 मीटर रुंद आणि 1.3 मीटर पाणी राहील इतकी खोल टाकी लागते. झाकण उघडून दाखवायला सांगा. पावसाळ्यात भूजल वर आलं की लहान टाकी तुंबते आणि तळमजल्याच्या संडासातून घाण उलटी वर येते. पाहुणे घरात असताना हे झालं, तर तो लेखी अभिप्राय तुमच्या नावापुढे कायमचा राहतो.

वीज थोडक्यात: चार गीझर आणि चार एसी मिळून 14 किलोवॅटच्या आसपास भार जातो. तो सिंगल फेजवर चालत नाही. मंजूर भार, तीन फेज, अर्थिंग आणि मीटर घरगुती की व्यावसायिक, हे वीजबिलावर बघा. घरगुती मीटरवर धंदा चालवला असेल, तर मागची वसुली निघू शकते.

'चालू होमस्टे' किती चालू आहे?

विकणारा वर्षाला 16-18 लाखांची उलाढाल सांगतो. खोटं सांगतो असंही नसतं. त्याच्या डोक्यात मे आणि डिसेंबर असतात. तुम्ही तीन वर्षांचे कागद मागा: पाहुण्यांचं रजिस्टर, बँक खात्याची विवरणं, बुकिंग कंपन्यांचे महिनावार हिशेब, जीएसटी असेल तर विवरणपत्रं.

रजिस्टर मागाहून लिहिता येतं, वीजबिल नाही. बंद महिन्याचं बिल बघा. पंप, फ्रिज, दिवे मिळून समजा 200 युनिट. एसी खोली रात्रीला 6 ते 8 युनिट घेते. मेमध्ये 80 टक्के खोल्या भरल्या म्हणजे सुमारे 100 खोली-रात्री, म्हणजे 600 ते 800 युनिट जास्त. बिलावर एकूण 450 दिसले, तर खोल्या तितक्या भरलेल्या नव्हत्या. व्यावसायिक गॅसच्या 19 किलोच्या टाक्यांच्या पावत्या जेवणाचा धंदा किती ते सांगतात. धंद्यासाठी घरगुती सिलेंडर वापरलेला दिसला, तर तो खर्चही तुमच्या हिशेबात वाढवून धरा.

चार खोल्यांचा एक प्रामाणिक हिशेब असा मांडता येतो. दर सरासरी 2500 रुपये धरू.

नाताळ-नववर्ष आणि दिवाळीच्या 19 रात्रींत 72 खोली-रात्री. एप्रिलअखेर ते मे, 35 रात्री, 112. ऑक्टोबर ते एप्रिलमधल्या शनिवार-रविवारच्या 56 रात्री, 134. त्याच काळातल्या आठवड्याच्या 130 रात्री, 62. पावसाळ्याच्या 125 रात्री, 50. एकूण 430 खोली-रात्री, म्हणजे 30 टक्क्यांच्या आत, आणि उत्पन्न 10 लाख 75 हजार. पावसाळ्यात जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते. त्या महिन्यांत मालवण-तारकर्लीच्या बाजूला गर्दीची आशा धरू नका.

खर्च: तिथेच राहून काम करणाऱ्या जोडप्याचा पगार 2 लाख 64 हजार, हंगामी मदत 60 हजार, वीज 1 लाख 20 हजार, निम्म्या बुकिंगवर 18 टक्के कमिशन 97 हजार, चादरी-गॅस-सफाई 90 हजार, शाकारणी-रंग-पंप दीड लाख, विमा-इंटरनेट-पट्टी 50 हजार. बेरीज 8 लाख 31 हजार. हातात उरतात अडीच लाखांच्या आत. जेवणातून आणखी लाख-सव्वा लाख सुटू शकतात.

सव्वा कोटींच्या मालमत्तेवर हे 3 टक्के झाले. 60 लाख कर्ज 9 टक्क्यांनी घेतलं, तर पहिल्या वर्षाचं व्याजच 5 लाख 40 हजारांच्या घरात. होमस्टे कर्जाचा हप्ता फेडेल, या हिशेबावर घर घेऊ नका. तुम्ही स्वतः तिथे राहून काम करणार असाल, तर जोडप्याच्या पगारातला मोठा भाग वाचतो. आकडा खरा बदलतो तो एवढ्याच एका कारणाने.

म्हणून किंमत अशी काढा: जमिनीचा गावातला चालू भाव, परवानगी असलेल्या बांधकामाचं मूल्य वजा दुरुस्ती, आणि धंद्यासाठी कागदांनी सिद्ध झालेला एक ते दीड वर्षाचा निव्वळ नफा. त्याहून जास्त 'चालू धंद्याचे' म्हणून देऊ नका.

घराशी बांधलेले गावाचे हक्क

हे कोणत्याही उताऱ्यावर नसतं आणि इथेच बाहेरचा माणूस सगळ्यात जास्त अडखळतो. विकलं जाणारं घर भावकीचं मूळ घर असेल, तर गणपती तिथेच येतो. भाद्रपदात मुंबईहून चार कुटुंबं उतरतात, देवघरात गणपती बसतो, शिमग्यात पालखी अंगणात येते, राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ ठरलेल्या जागी ठेवला जातो. खरेदीखताने हे थांबत नाही. विकणाऱ्याला सरळ विचारा: गणपती कुठे नेणार? कुलदेवतेचे टाक हलवणार का? वार्षिक मान या घराकडे कोणता आहे? भावकीने गणपती हलवायचं ठरवलं असेल, तर ते होऊ द्या, मग ताबा घ्या. गणपती इथेच राहणार असेल, तर किती दिवस आणि कोणती खोली, ते समजुतीने लिहून ठेवा आणि त्या दिवसांचं बुकिंग घेऊ नका. तुमच्याकडे कामाला असलेली माणसंही त्या दिवसांत आपापल्या घरी असणार.

बागेचंही विचारा. आंब्याची झाडं कोणाला कराराने दिली आहेत का, किती वर्षांसाठी, आगाऊ रक्कम कोणी घेतली आहे? जानेवारीत व्यवहार ठरला आणि मोहोर झाडावर असला, तर यंदाचा आंबा कोणाचा हे साठेखतात लिहा. हापूसच्या एका हंगामावरून चांगले संबंध बिघडतात.

साठेखत, खरेदीखत आणि धंद्याचा करार

विसार देताना पावती अशी घ्या, की कागदात दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत. साठेखत नोंदवून घ्या. स्थावराच्या व्यवहारात 20 हजारांपासून पुढे रोख चालत नाही. "अर्धे वरून" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. मुद्रांक शुल्क रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दराने निघणारी किंमत, आणि ठरलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. 50 लाख किंवा त्यावरच्या बिगरशेती मालमत्तेवर 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो. हिस्सेदारांपैकी कोणी परदेशात स्थायिक असेल, तर त्याच्या हिश्श्यावर कापायचा कर बराच जास्त असतो. न कापल्यास तो तुमच्याकडून वसूल होतो. सीए आधी गाठा.

धंद्याचा करार वेगळ्या कागदावर करा. त्यात काय असावं:

- सामानाची यादी, वस्तूनिहाय: पलंग, गाद्या, एसी कोणत्या साली घेतलेला, गीझर, इन्व्हर्टर, भांडी.
- होमस्टेचं नाव, फोन नंबर, संकेतस्थळ, समाजमाध्यमांवरची पानं. जुना फोन नंबर हीच खरी ओळख असते, जुने पाहुणे त्यावरच बोलावतात.
- नकाशावरच्या गूगल नोंदीची मुख्य मालकी तुमच्या खात्यावर. नवीन मालकाला पहिले सात दिवस ठरावीक अधिकार मिळत नाहीत, म्हणून हे शेवटच्या हप्त्याच्या आधी सुरू करा.
- ताब्याच्या तारखेनंतरची सगळी बुकिंग, घेतलेली आगाऊ रक्कम आणि ती तुमच्याकडे कधी वळती होणार.
- ताब्याआधीची वीज, घरपट्टी, पगार, कर यांची थकबाकी विकणाऱ्याची.
- त्याच गावात अमुक वर्षं दुसरा होमस्टे काढणार नाही, असं वचन.

बुकिंग कंपन्यांवरचं खातं आणि त्यावरचे अभिप्राय बहुधा आपोआप हस्तांतरित होत नाहीत. कंपनीला लिहून विचारा. नाहीच झाले, तर धंद्याची किंमत तेवढी कमी करा.

ताब्यानंतर

खरेदीखत नोंदल्यावर फेरफार धरला जातो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, नोटीस काढतात. हरकतीला 15 दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. ग्रामपंचायतीत असेसमेंटवर नाव, महावितरणकडे मीटरवर नाव, ही दोन्ही कामं वेगळी करावी लागतात.

आधीच्या मालकाचे परवाने तुमचे होत नाहीत. पर्यटन विभागाची निवास-न्याहारी किंवा कृषी पर्यटनाची नोंदणी नव्याने घ्या; कृषी पर्यटनासाठी शेतकऱ्याला किमान एक एकर जमीन लागते, म्हणजे जाहिरातीतले 32 गुंठे पुरत नाहीत. जेवण देत असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी. सेवांची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी. 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र नोंदवा. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. परवान्याशिवाय दारू देऊ नका.

कामाचं जुनं जोडपं राहणार असेल, तर त्यांना ताब्याआधीच भेटा, पगार स्वतः ठरवा. कोणतं कौल गळतं, पंप कोणत्या फटीतून हवा ओढतो, कोणता पाहुणा दरवर्षी येतो, हे त्यांनाच माहीत असतं.

ताबा ऑक्टोबरात घेता आला तर उत्तम: हंगाम समोर असतो आणि दुरुस्तीला कोरडी हवा मिळते. मार्च-एप्रिलमध्ये घेतला, तर मे संपेपर्यंतच्या बुकिंगआधी शाकारणी उरका, कारण मेच्या शेवटी गावातला प्रत्येक गवंडी आणि कौलकाम करणारा दुसऱ्याच्या छपरावर असतो. फुटीसाठी 200 कौलं जास्तीची आणून पडवीत रचून ठेवा, गटारं आणि पऱ्ह्याची, म्हणजे ओहोळाची, वाट मोकळी करा, सेप्टिक टाकी उपसून घ्या, आणि पहिला पाऊस लागेल त्या रात्री स्वतः घरात राहा: प्रत्येक खोलीत दिवा लावून, कुठे ठिबकतं तिथे खडूने खूण करत.